शिंक आली की आपण पाय का आवळतो?

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातलं भाषण. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



मघाशी चहाच्या वेळी आपल्यातल्या एकीनं सासूची नक्कल केली आणि सगळ्याजणी पोट धरून हसलो. मी कोपऱ्यातून बघत होते. हसता हसता चार-पाचजणींनी पायावर पाय टाकला, एक पटकन खाली बसली आणि दोघी हसणं अर्धवट टाकून मोरीकडे गेल्या. नावं घेणार नाही, घाबरू नका. मला त्या ओळखू आल्या, कारण नऊ वर्षं मी स्वतः तशीच हसत होते.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. माण तालुक्यातल्या एका गावात संघटनेचं काम करते. माझी तिसरी मुलगी १९८९ साली झाली. बाळंतपण अवघड गेलं, टाके पडले, आणि सव्वा महिन्यानं मी पुन्हा हंड्याखाली गेले. तेव्हा आमच्याकडे पाणी पाऊण मैलावरून आणावं लागे. एक दिवस विहिरीच्या पायऱ्या चढताना शिंक आली आणि लुगडं ओलं झालं. हंडा डोक्यावर होता म्हणून बरं. पाणी सांडलं असं सगळ्यांना वाटलं.

तेव्हापासून मी पाणी सांडल्याचं सोंग शिकले. पिशवीत एक जादा परकर असायचा. जुन्या लुगड्याच्या घड्या घ्यायच्या, एसटीत बसताना खाली वर्तमानपत्र ठेवायचं. मोर्च्याला निघायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. मी घोषणा द्यायला पुढे असायची, सगळ्यांना माझा आवाज माहीत होता. पण घोषणा पोटातून द्यावी लागते, आणि पोटातून आवाज काढला की खालून थेंब सुटायचा. मग मी घोषणा सोडल्या आणि मागच्या रांगेत बॅनर धरायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायची, घसा बसलाय. ज्या बाईनं सभेत उठून नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोललं, तिला आपली लघवी सुटते एवढं एक वाक्य नऊ वर्षांत बोलता आलं नाही. मी माझंच सांगते आहे.

आमच्या गावात बायका हे कसं सांगतात बघा. आधी कंबर दुखते म्हणतात. मग अंगावर पांढरं जातं म्हणतात. निघताना दाराच्या चौकटीला हात लावून, पाठ फिरवून म्हणतात, “आणि ताई, ते हसलं की हुतंय बगा.” खरं दुखणं हेच असतं, पण ते चौकटीपाशीच येतं. तुम्ही वस्तीवर काम करता, तेव्हा चौकटीपाशी दोन मिनिटं जास्त उभ्या राहा.

१९८९ सालीच डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. ६५० बायका तपासल्या. १०० पैकी ९२ जणींना बाईपणाचा एक ना एक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी, उपचार झालेल्या होत्या फक्त ८. तो अभ्यास आपण भाषणांत पुष्कळ वापरला. पण ते आकडे वाचताना त्यात मीही बसते असं मला वाटलं नाही. आपण बायकांचे प्रश्न मांडतो, तेव्हा त्या बायका नेहमी दुसऱ्या कुणीतरी असतात!

शेवटी मी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला झोपवूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, “तीन मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाका, प्रश्नच मिटेल.” माझ्या जावेनं छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली होती. तिचीही लघवी सुटायची, आणि ऑपरेशननंतरही सुटतच होती, पण हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी तारीख घेऊन आले तेव्हा रात्री भांडी घासताना ती हळूच म्हणाली, “नको काढूस. माझं काय थांबलं?” एका जावेनं दुसऱ्या जावेला दिलेला एवढा मोलाचा सल्ला आमच्या घरात दुसरा नाही.

हे नीट समजून घ्या. गर्भपिशवी वेगळी, लघवीची पिशवी वेगळी. दोघींना आपण पिशवीच म्हणतो, आणि त्या गोंधळाचा फायदा घेणारे बसलेले आहेत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली बाहेर आलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांना विचारलं, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कुणी पांढरं जातं म्हणून गेली होती, कुणी पोटात दुखतं म्हणून. काही वेळा ऑपरेशन खरंच लागतं. अंग फार खाली आलं असेल, गाठी असतील, कर्करोग असेल, तर लागतंच. पण लघवी सुटते एवढ्या कारणासाठी निरोगी गर्भपिशवी काढून लघवी थांबत नाही.

मग थांबते कशानं? १९९८ साली अशाच एका शिबिरात मुंबईहून एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या. त्यांनी एक ओढणी घेतली, दोघींना दोन टोकं धरायला सांगितली, आणि मध्ये तीन लिंबं ठेवली. म्हणाल्या, ही तुमची झोळी. पुढचं टोक लघवीच्या जागेवरच्या हाडाला, मागचं टोक माकडहाडाला. लिंबं म्हणजे लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि गुदाशय. झोळी ताठ असली की लिंबं वर राहतात. झोळी सैल पडली की लिंबं खाली लोंबतात.

ही झोळी मांसाची आहे, स्नायूंची आहे. तिच्यातून तीन वाटा जातात: लघवीची, योनीची आणि शौचाची. आपण खोकलो, शिंकलो, घागर उचलली की पोटातला दाब खाली येतो. झोळी चांगली असेल तर ती त्याच क्षणी आवळली जाते आणि वाट बंद ठेवते. नसेल तर थेंब सुटतो. गरोदरपणात तिच्यावर नऊ महिने भार असतो, बाळंतपणात ती ताणते, कधी फाटते. पुढे बद्धकोष्ठात रोज कुंथणं, चुलीच्या धुरानं वर्षानुवर्षं खोकणं, डोक्यावर-कमरेवर ओझी, आणि पाळी गेल्यावर तिथली कातडी आणि वाट कोरडी, पातळ होणं. बाळंतिणीचं पोट बांधतात, शेक-शेगडी देतात, डिंकाचे लाडू करतात. झोळीचं काय झालं हे मला माझ्या आईनंही विचारलं नाही, आणि तिला तिच्या आईनं विचारलं नसणार.

दंडाचा स्नायू जसा कामानं घट्ट होतो तसाच हाही होतो. जगभरच्या ३१ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ साली निघाला, त्यात १४ देशांतल्या १,८१७ बायका होत्या. ज्यांची लघवी खोकताना, शिंकताना सुटते त्यांच्यात, व्यायाम केलेल्या १०० जणींपैकी ५६ जणींनी बरं झालं म्हणून सांगितलं. व्यायाम न केलेल्यांत १०० मध्ये ६. पैसे नाहीत, औषध नाही, टाका नाही.

या व्यायामाला जगभर केगल म्हणतात. अर्नोल्ड केगल हे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४८ साली यावर लेख लिहिला. बाईच्या अंगातल्या आवळण्याला पुरुषाचं नाव, याचं मला हसू येतं. पण माणसानं एक गोष्ट नीट ओळखली होती: नुसतं तोंडी सांगून बायकांना हे जमत नाही. म्हणून त्यांनी एक साधन बनवलं. ते योनीत ठेवून आवळलं की बाहेर काटा हलायचा आणि बाईला स्वतःचं बळ दिसायचं. आपल्याकडे हठयोगात मूलबंध आहे, अश्विनी मुद्रा आहे, त्यातही हाच भाग वर ओढतात. ‘हठयोगप्रदीपिके’त मूलबंध आहे, पण तो प्राण-अपानासाठी. तीन बाळंतपणं झालेल्या बाईच्या लघवीसाठी तो कुणी सांगितला नव्हता.

तोंडी सांगून जमत नाही, याची माझी चूक ऐका. शिबिराहून आले ती मी उत्साहानं पेटलेली. चार गावांत बैठका घेतल्या. सांगितलं, लघवी करताना मध्येच धार थांबवा, रोज थांबवा, हाच व्यायाम. झालं! दोन महिन्यांनी एक बाई आली, लघवीला जळजळ, पूर्ण होत नाही. दुसरी म्हणाली, माझं तर वाढलंय. तिला मी माझ्यासमोर करून दाखवायला लावलं, बाहेरून हात ठेवला, तर ती आवळण्याऐवजी खाली जोर देत होती, बाळंतपणात देतात तसा. १९९१ साली अमेरिकेत ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सांगून तपासलं, तर चौथा हिस्सा बायका असंच उलटं करत होत्या, ज्यानं त्रास वाढावा. म्हणजे मी एकटी मूर्ख नव्हते, पण त्या बाईला त्याचा काय उपयोग? धार थांबवणं हे फक्त स्नायू कुठे आहे हे ओळखण्यापुरतं, एखाद्या वेळी. रोजचा व्यायाम म्हणून कधीच नाही. त्या चारही गावांत मी परत जाऊन हे सांगितलं. आज इथून जाताना तुम्ही माझी जुनी चूक घेऊन जाऊ नका.

तर नीट कसं करायचं ते सांगते. आधी लघवी करून या. चटईवर उताणं झोपा, गुडघे वर, पाय थोडे फाकून. आता अशी कल्पना करा की लग्नाच्या पंगतीत बसला आहात, शेजारी व्याही मंडळी आहेत, आणि वारा सरतोय. काय कराल? हं, आता हसलात म्हणजे कळलं! मागची वाट आवळा. मग तेच आवळणं पुढे आणा, लघवी अडवल्यासारखं. आणि आवळलेलं आत, वर ओढा, बेंबीकडे. आवळणं अर्धं काम आहे, वर ओढणं उरलेलं.

बरोबर होतंय का हे बघायला दोन वाटांच्या मधल्या जागेवर हात ठेवा. जागा आत-वर गेली तर बरोबर. हाताकडे बाहेर आली तर उलटं, थांबा. हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीत घातलं तर बोटाभोवती आवळल्यासारखं आणि वर ओढल्यासारखं लागतं. काहीजणी खाली बघायला लागल्या. मीही तेव्हा खालीच बघत होते. अडतीस वर्षं ते अंग माझं होतं आणि नवऱ्यानं, दाईनं, डॉक्टरनं हात लावला होता, मी नव्हता लावला.

चुका ठरलेल्या आहेत. बायका कुल्ले आवळतात, मांड्या दाबतात, पोट फुगवतात, आणि सगळ्यात जास्त म्हणजे श्वास धरतात. श्वास चालू हवा, म्हणून मोठ्यानं आकडे मोजा. बाहेरून बघणाऱ्याला काही कळता कामा नये. सुरुवातीला तीन-चार आकड्यांपर्यंत धरलं तरी पुष्कळ. मग तितकाच वेळ पूर्ण सोडा. सोडणं विसरू नका, सतत आवळलेला स्नायूही दुखतो आणि कामाचा राहत नाही. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत न्या. शेवटी पाच-सहा वेळा झटकन आवळा, झटकन सोडा. झोपून जमलं की बसून, मग उभ्यानं. निदान तीन महिने. पहिल्या पंधरा दिवसांत काही होत नाही, आणि निम्म्या बायका तिथेच सोडतात. मीही सोडलं होतं. जावेनं पुन्हा धरायला लावलं.

आणि एक खुबी, माझ्या मते सगळ्यात कामाची. शिंक येणार असं वाटलं की शिंकेच्या आधी आवळा. खोकल्याच्या आधी, घागर उचलायच्या आधी, खुर्चीतून उठायच्या आधी. आधी झोळी, मग शिंक. महिनाभर मुद्दाम करावं लागतं, मग अंग आपोआप करतं.

ज्यांचं दुसऱ्या तऱ्हेचं आहे, म्हणजे शिंकेचा संबंध नाही, पण लघवी लागली की दम निघत नाही, दाराची कडी काढेपर्यंत होते, त्यांनी हा व्यायाम करावाच, पण जोडीला वेळ पाळावी. सध्या तासाला जावं लागत असेल तर घाई आली की जागीच थांबा, झटकन पाच-सहा वेळा आवळा, घाई ओसरली की सावकाश जा. मग सव्वा तास, दीड तास असं वाढवत न्या. चहा कमी करा. पाणी मात्र बंद करू नका. मी केलं, आणि त्यानं लघवी दाट होऊन जळजळ वाढली, बद्धकोष्ठ झालं, कुंथणं वाढलं, झोळी आणखी सैल झाली.

व्यायामावर विसंबू नये अशाही गोष्टी आहेत. दिवसरात्र सतत गळत असेल, विशेषतः अडलेल्या बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर, तर आत भोक पडलेलं असू शकतं. त्याला शस्त्रक्रियाच लागते आणि ती होते, अशा बाईला घरात कोंडून ठेवू नका. लघवीतून रक्त, ताप, खालून काही बाहेर आल्यासारखं लागणं, लघवी तुंबणं, अचानक पायातलं बळ जाणं, यात डॉक्टर गाठा. मधुमेहाची तपासणी करून घ्या. ज्यांना तिथे मुळातच दुखतं, संबंधाच्या वेळी फार दुखतं, त्यांनी आपल्या मनानं आवळायला सुरुवात करू नये.

आजकाल या व्यायामाची जाहिरात होते ती नवऱ्याच्या सुखासाठी. घट्ट व्हा, संसार सुखी करा. मला याचा राग येतो. बाईलाही त्यात सुख वाढल्याचं जाणवलं तर छान आहे, तिनं आनंदानं घ्यावं. पण मी हे शिकले ते मला शिंकता यावं म्हणून.

आता माझ्यावर जे ओरडली तिची गोष्ट. आमच्या वाडीत एक आत्या आहेत, साठीच्या. आयुष्यभर ऊसतोडीला गेल्या. त्यांना मी हे सगळं समजावलं. त्या ऐकत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, “पोरी, चाळीस किलोची मोळी डोईवर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचं. एक दिस बसलं तर खाडा. मुतायला बांधाला गेलं तर मुकादम वरडतो. आणि तू म्हणतीस माझंच काय तरी ढिलं हाय, आणि तेबी मीच नीट करायचं. मला आणि एक काम नगं सांगूस.”

मला उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचलेलं नाही. त्यांचं खरं होतं. ओझं तसंच ठेवून बाईला व्यायाम सांगणं म्हणजे गळक्या छपराखाली पातेलं ठेवणं. म्हणून आमच्या संघटनेनं त्या वर्षीच्या मागण्यांत पहिल्यांदा लिहिलं: बाळंतिणीला आणि अंग बाहेर आलेल्या बाईला मोळी वाहायला लावू नये, लघवीला गेलं म्हणून खाडा लावू नये, थळाजवळ आडोसा आणि पाणी हवं. मुंबईत २०११ साली बायकांनी मुतारीच्या हक्काची मोहीम काढली तेव्हा काही लोक हसले. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, असा तो हिशेब होता. आमच्या गावात आता संडास आहेत, पण उन्हाळ्यात त्यात ओतायला पाणी नसतं. बायका अंधार पडेपर्यंत धरून ठेवतात. तास न् तास धरून ठेवणं हा व्यायाम नाही, ती शिक्षा आहे, आणि त्यानं लघवीची पिशवी बिघडते.

पण आत्यांची गोष्ट तिथे संपली नाही. महिन्याभरानं त्याच आल्या. म्हणाल्या, मागण्या मान्य हुतील तवा हुतील, मला आषाढात वारीला जायचंय, ते कसं आवळायचं ते दाव. मी हात ठेवून दाखवलं. त्या वर्षी त्या लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालत गेल्या. पॅड घेऊन गेल्या होत्या, पूर्ण थांबलं नव्हतं. परत आल्यावर एवढंच म्हणाल्या, भजनात उभी राहिले.

माझंही पूर्ण थांबलेलं नाही. सर्दी जोरात असली की एखादा थेंब आजही जातो, आणि आता वयही साठीच्या पुढे आहे. पण घोषणा मी देते.

बरं, आता दाराला कडी लावा. स्वयंपाकघरातल्या दोघींनाही बोलवा, त्यांना कुणी सांगणार आहे? सतरंज्या पसरा. ज्यांना जायचंय त्या आधी जाऊन या, आपण थांबतो. झोपा, गुडघे वर, हात खाली. पंगत आठवा. आवळा, वर ओढा, आणि मोठ्यानं माझ्याबरोबर, श्वास धरायचा नाही: एक, दोन, तीन, चार. सोडा.